जरा उभाच राहतो

कोकणातल्या सागरी मार्गाने सायकल मारत आलेला माणूस संध्याकाळी एखाद्या घरगुती मुक्कामाच्या अंगणात उतरला की पडवीतून पहिला शब्द येतो, ‘बसा.’ तो म्हणतो, ‘नको, जरा उभाच राहतो.’ यजमानांना वाटतं, संकोच आहे. मग खुर्ची पुढे सरकते, खुर्चीवर उशी येते, काकू स्वतः बाहेर येऊन ‘अहो बसा हो, दमला असाल’ म्हणतात आणि पाहुणा पडवीचा खांब धरून कोकम सरबत उभ्यानेच संपवतो. फेरीबोटीतही तेच. आगरदांड्याहून दिघीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला खाडी ओलांडताना चार मिनिटं बसायची सोय असते. नेमकी तीच त्याला नको असते. बाकावरचा कुणी भला माणूस सरकून जागा करून देतो आणि हा कठड्याला रेलून समुद्राकडे असा बघत राहतो, की लोकांना वाटावं मोठा निसर्गप्रेमी आहे.

दुखणाऱ्या अवयवांमध्येही वरिष्ठ-कनिष्ठ असतात. गुडघा दुखतो म्हटलं तर चारचौघांत मान मिळतो. पाठ दुखतेय म्हटलं तर घरोघरची मलमं बाहेर निघतात. पोटऱ्या भरून आल्या हे तर सांगण्यासारखंच दुखणं. त्यात घाट चढल्याचं श्रेय आपोआप येतं. बसायच्या जागेचं दुखणं मात्र ज्याचं त्याने सोसायचं, आणि तेही उभ्याने.

याला अपवाद एकच, सायकलवाल्यांचा घोळका. पहाटे कात्रजच्या अलीकडे चहाला थांबलेल्या टोळक्यात जरा कान देऊन ऐकावं. ‘तुझं किती भरलं?’ ‘एकशे तीस.’ ‘मग तुला 143ची बसेल. माझी 155 आहे.’ ही मापं शर्टाची नसतात. बसताना ज्या दोन हाडांवर शरीराचा भार येतो, त्यांच्यामधल्या अंतराची असतात, मिलिमीटरमध्ये. पुण्यात माणसाचं आडनाव विचारायच्या आधी दुसरं काही विचारलं जातं, अशी बहुधा ही एकच बैठक.

आणि एकदा आकडा कळला की सल्ला सुरू होतो. ज्या जागेचा निकाल जगात फक्त एकच माणूस लावू शकतो, त्या जागेबद्दल बाकी सगळ्यांची मतं ठाम असतात. शिवाय प्रत्येकजण आपलीच सीट सुचवतो. नवशिक्याने नुसतं ‘पुणे-गोवा करायचंय, सीट जरा टोचते’ एवढं म्हटलं, की चहा गार होईपर्यंत त्याच्यापुढे पाच सीटची नावं, एका मलमाचं नाव आणि ‘सीटबिट काही नसतं, सवय लागते’ हे तत्त्वज्ञान येऊन पडतं. तत्त्वज्ञान सांगणारा स्वतः उभा असतो, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही.

सर्वांत जुना सल्ला घरातल्या आजोबांचा. ‘आम्ही अख्खी नोकरी ऍटलासवर काढली. पोस्टमन दिवसभर सायकलवर, दूधवाले चार चार किटल्या लावून सायकलवर. कुणी कधी हाडं मोजली नाहीत.’ आजोबांचं खरं आहे. फक्त ते त्यांच्या सायकलपुरतं खरं आहे. त्या सायकलचं हँडल उंच आणि अंगाशी आलेलं. पाठ ताठ, मान वर, सगळा भार सरळ सीटवर. म्हणून ती सीट ऐसपैस आणि तिच्याखाली दोन जाडजूड स्प्रिंगा. अंतर म्हणाल तर सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात जाऊन परत येण्याइतकं, त्यातही वाटेत दोनदा उतरून कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची चौकशी. लांब पल्ल्याच्या सायकलवर माणूस पुढे झुकतो, कंबरेचा सांगाडा पुढे कलतो, थोडा भार हातांवर आणि बराचसा पायांवर जातो. सीटला टेकणारा भागच बदलतो आणि अरुंद होतो. आजोबांची रुंद सीट या सायकलला लावली तर ती मांड्यांच्या मध्ये येते आणि घासायला लागते. पाठ जितकी ताठ तितकी सीट रुंद, पाठ जितकी वाकलेली तितकी सीट अरुंद, एवढा साधा हिशेब आहे. पण हिशेब साधा असला की आपल्याकडे तो कुणी मांडत नाही.

हे घासणं वरवर क्षुल्लक वाटतं. मिनिटाला 80 वेळा पेडल फिरवणारा माणूस तासाला 4,800 वेळा पाय फिरवतो. आठ तास सायकल चालवली की 38,400. शिवणीचा एखादा दोरा, सीटची एखादी कड, चड्डीची एखादी घडी दर फेऱ्याला केसभर काचत असेल, तर संध्याकाळपर्यंत तिने 38,400 वेळा आपलं म्हणणं मांडलेलं असतं. एवढ्या वेळा सांगून न ऐकणारा माणूस मग काकूंच्या पडवीत खांब धरून उभा राहतो.

काचलं की पहिला उपाय सुचतो तो मऊपणाचा. दुकानात गेलं की माणूस अंगठ्याने सीट दाबून बघतो. भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून बघावा तसा तो अंगठा इकडेतिकडे फिरतो आणि जिथे सर्वांत जास्त रुतेल ती सीट पसंत पडते. अंगठ्याने सायकल चालवायची असती तर ही निवड बिनचूक होती. मऊ फोममध्ये ती दोन हाडं खाली रुततात आणि मधला फोम वर येतो. तो जिथे दाबतो तिथून नस आणि रक्तवाहिनी जाते. पहिले दहा किलोमीटर स्वर्ग, पंचवीसला शंका, पन्नासला मुंग्या. मग या सीटवर आणखी एक जेलचं कव्हर चढतं, म्हणजे ज्याने त्रास झाला तेच दुप्पट. खोगीरभरती म्हणतात ती हीच, शब्दशः. गल्लीतून भाजी आणायला मऊ सीट उत्तम. लांबच्या वाटेला सीट अशी हवी की हाडं तिच्यावर टेकतील, तिच्यात बुडणार नाहीत. हे नवख्याला पटत नाही. कारण दुकानातली परीक्षा पाच मिनिटांची असते आणि पाच मिनिटांत मऊ सीट नेहमीच पहिली येते.

तेव्हा आधी हाडं मोजावीत. यंत्राची गरज नाही. आंब्याच्या खोक्याचा जाड पन्हाळीदार पुठ्ठा घ्यावा, सोसायटीच्या जिन्याच्या पायरीवर ठेवावा, पातळ चड्डीवर त्याच्यावर बसावं, पुढे झुकावं आणि टाचा किंचित उचलाव्यात. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. दोन्हींचे मध्य पेन्सिलने गोल करून पट्टीने अंतर मोजायचं. बहुतेकांचं ते 10 ते 15 सेंटिमीटरच्या दरम्यान भरतं. आपण किती वाकून चालवतो ते बघून त्यात दोनेक सेंटिमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. अडचण शास्त्राची नाही, जिन्याची आहे. नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे जोशी पिशवी घेऊन उतरतात आणि चड्डीवर पुठ्ठ्यावर बसलेल्या शेजाऱ्याला ‘किल्ली विसरलात का?’ असं विचारतात. त्यांना खरं सांगू नये. मोजल्यावर आणखी एक गोष्ट कळते. या आकड्याचा आणि वजनाचा संबंध नसतो. भरलेल्या अंगाच्या माणसाचीही हाडं जवळजवळ निघू शकतात आणि काडीपैलवानालाही रुंद सीट लागू शकते. आरशात दिसणाऱ्या पसाऱ्यावरून आतला पाया सांगता येत नाही.

मोजमाप झालं की चामड्याच्या पंथाचे लोक भेटतात. हा पंथ जुना आहे. जॉन बोल्टबी ब्रुक्स या माणसाने 1866 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला घोड्याच्या सरंजामाचा आणि चामड्याच्या मालाचा धंदा सुरू केला. त्याची कंपनीच सांगते ती कथा अशी, की 1878 साली त्याचा घोडा मेला. दुसरा परवडेना, म्हणून त्याने कामावर जायला सायकल उसनी घेतली आणि तिची बैठक त्याला इतकी लागली, की 1882 साली त्याने स्वतःच्या सीटचं पेटंट काढलं. घोड्यासाठी चामडं बडवण्यात हयात घालवलेल्या माणसाला पुढच्या पिढ्यांच्या बुडांची काळजी वाहावी लागली, ती अशी. त्या घराण्यातली बी17 नावाची सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंत विकली जाते आहे. सव्वाशे वर्षं टिकलेल्या दुखण्याला सव्वाशे वर्षं टिकलेला उपाय.

या सीटमध्ये भरणा काही नाही. जाड चामड्याचा एक तुकडा पुढे आणि मागे रिव्हेटांनी लोखंडी सांगाड्यावर ताणलेला, आणि खाली हवा. नवी असताना ती लाकडासारखी लागते. पण तिचं वागणं नव्या कोल्हापुरीचं असतं. सुरुवातीला चावते, तेल मागते, वापरत राहिलं की एक दिवस आपल्याच मापाची होते आणि मग दुसऱ्या कुणाला बसत नाही. काही शे किलोमीटरांत हाडांच्या जागी दोन खळगे पडतात. सीटच्या पुढच्या टोकाखाली, म्हणजे तिच्या नाकाखाली, एक बोल्ट असतो. चामडं सैल पडलं की तो पान्याने किंचित आवळायचा. मेणाचा हात अधूनमधून फिरवायचा. पावसात वरून पिशवी घालायची, नाहीतर आषाढात कोकणात नेलेली सीट श्रावणात बुरशी धरते. एवढं करून ती खरोखर मऊ पडते की बसणाराच निबर होतो, यावर पंथात अजून एकमत नाही. चामडं ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी रबराची, वरून सुती कापड लावलेली तशीच सीट आता मिळते. ती पहिल्या दिवसापासून जशी असते तशीच राहते, त्यामुळे तिच्या भक्तांना सांगायला कथा उरत नाही आणि ते बिचारे घोळक्यात मागे पडतात.

एवढे पैसे आणि अक्कल खर्च केल्यावर तरी प्रश्न सुटावा, असं आपल्याला वाटतं. पण बसायच्या जागेने कुणालाच सूट दिलेली नाही. फ्रान्सच्या लुईझाँ बोबेने 1955 साली सलग तिसऱ्यांदा टूर द फ्रान्स जिंकली ती सीटने झालेल्या गळवांसकट, आणि नंतर त्यांची शस्त्रक्रिया करावी लागली. आयर्लंडचा शॉन केली 1987 साली स्पेनच्या व्हुएल्टामध्ये सगळ्यांच्या पुढे होता आणि शेवट जवळ आलेला असताना गळवामुळे शर्यत सोडून उतरला. लोराँ फिन्यों 1989च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी सकाळी 50 सेकंदांनी पुढे होता. सीटच्या गळवाने त्याला रात्री झोप मिळत नव्हती. संध्याकाळी ग्रेग लेमाँडने त्याला 8 सेकंदांनी हरवलं. सव्वातीन हजार किलोमीटरांनंतर आठ सेकंद! एवढ्या वेळात माणूस धड टेकूनही होत नाही. एडी मर्क्स 1969 साली ब्लुआच्या ट्रॅकवर जबर आपटला, आणि तिथून पुढे त्याला सायकलवर नीट बसवेचना. टूर जिंकत असतानाही तो चालत्या सायकलवर पाना काढून सीट वरखाली करायचा. जगातला सर्वश्रेष्ठ सायकलपटूही आपल्या सीटबद्दल समाधानी नव्हता, हे वाचलं की आपल्याला बरं वाटतं. दुखणं मात्र तसंच राहतं.

डॉक्टरांनीही यात जुन्या काळापासून लक्ष घातलंय. 1890च्या दशकात बायका सायकलवर बसू लागल्या तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टरांना आणि सभ्य गृहस्थांना त्यांच्या पायांपेक्षा त्यांच्या बैठकीची चिंता फार. त्याच सुमारास दोन हाडांसाठी दोन गाद्या आणि मध्ये फट, अशा ‘शरीरशास्त्रीय’ सीटच्या जाहिराती झळकू लागल्या. शंभर वर्षांनी, 1997 साली, बॉस्टनचे मूत्रविकारतज्ज्ञ आयर्विन गोल्डस्टीन यांनी सीटच्या दाबाने पुरुषांच्या पौरुषावर परिणाम होतो असा इशारा दिला आणि सायकलविश्वात हलकल्लोळ झाला. ज्या गोष्टीकडे शंभर वर्षं बायकांच्या निमित्ताने बघितलं जात होतं ती पुरुषांवर येताच भोकाच्या, खाचेच्या, नाक तोडलेल्या सीटचा बाजारात पूर आला. यातलं कामाचं एवढंच. हाडांना दुखलं तर ती सवयीने सरावतात, काही दिवस कळ काढावी. पण मधला भाग बधिर झाला, मुंग्या आल्या, तर ती कळ काढायची गोष्ट नाही. सीट बदलावी, निदान तिचा कोन तरी बदलावा. ‘सवय लागते’ हे तत्त्वज्ञान बधिरपणाला लागू नाही.

सीटचा अर्धा भाग चड्डीत असतो. लांब पल्ल्याची चड्डी आतून पॅड लावलेली असते. पूर्वी तिथे शॅमॉय नावाच्या डोंगरी जनावराचं मऊ कातडं असायचं, आता फोम असतो. या चड्डीच्या आत दुसरं काहीही घालायचं नसतं, कारण आतल्या कपड्याची शिवण म्हणजे ते 38,400 वेळा काचणं. हे वाक्य पहिल्यांदा ऐकल्यावर मध्यमवर्गीय मराठी माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याला दुकानदाराने काहीतरी अश्लील सांगितल्यासारखं वाटतं. तो मान डोलावतो, घरी येतो आणि संस्कार राखून आत घालतोच. गावात चहाच्या टपरीवर उतरलं की शाळेतली पोरं मागून येऊन ‘काका, डायपर घातलंय का?’ असं मोठ्याने विचारतात. उत्तर नसतं. रात्री मुक्कामाला ती चड्डी धुऊन, टॉवेलात पिळून, पंख्याखाली दोरीवर टांगायची. पॅड लवकर वाळत नाही. पहाटे पाचला दमट चड्डी घालायची की कोरड्या दुसऱ्या चड्डीचं ओझं आधीच बांधून आणायचं, यावर प्रवासाचं भवितव्य ठरतं. दोन चड्ड्या न्याव्यात. दुसरा कॅमेरा नाही नेला तरी चालेल.

इतकं सगळं झाल्यावरही पुष्कळदा दोष सीटचा नसतो, ती लावण्याचा असतो. त्यासाठी गवंड्याकडून ओळंबा आणि पाणसळ उसनी आणावी. पाणसळ सीटवर आडवी ठेवून ती सपाट करायची. नाक वर राहिलं तर नसा दाबल्या जातात, खाली गेलं तर माणूस घसरत राहतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. ओळंबा गुडघ्याच्या वाटीखालून सोडायचा. पेडल पुढे आडवं असताना तो पेडलच्या आसाजवळ यावा, ही सुरुवातीची खूण. उंचीसाठी लेमाँडने लोकप्रिय केलेलं सूत्र आहे: जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची गुणिले 0.883. ती 80 सेंटिमीटर असेल तर सीटचा माथा, दोन्ही पेडल ज्याच्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून साधारण 70.6 सेंटिमीटरवर. आकडेमोड नको असेल तर टाच पेडलवर ठेवावी, खालच्या टोकाला पाय सरळ झाला की जमलं. सीट फार उंच झाली की दर फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे झुलते. मागून येणाऱ्याला लावणीचा भास होतो आणि पुढच्याची सालटं निघतात. बदल एका वेळी एकच करावा, तोही दोन-तीन मिलिमीटरचा, आणि आधीच्या जागी चिकटपट्टीची खूण ठेवावी. घोळक्यात मात्र चहा होईपर्यंत तिघं तीन पाने घेऊन तीन बाजूंनी एकाच सीटला भिडलेले असतात.

शिवाय बसण्यातली खरी मेख न बसण्यात आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून रक्त वाहू द्यावं. लोक खंबाटकीला घाबरतात, पण घाट या बाबतीत सज्जन असतो. चढावर माणूस पुढेमागे सरकतो, उभा राहतो, उतारावर तर सीटवरून उठावंच लागतं. घाबरावं सोलापूरच्या सरळ रस्त्याला. इंदापूरच्या पुढे वळण नाही, चढ नाही, उठायला निमित्त नाही. तिथे माणूस तासन्‌तास एकाच जागी बसतो, आणि सीट कशी आहे ते तिथे कळतं.

म्हणूनच लांब पल्ला करणाऱ्या प्रत्येकाच्या माळ्यावर नापास सीटचं एक पोतं असतं. त्यातल्या एकेक करून विक्रीला निघतात: ‘उत्तम सीट, फक्त 150 किलोमीटर वापरलेली.’ हा आकडा सीटच्या वापराचा म्हणून छापलेला असतो. खरं तर तो मालकाच्या सहनशक्तीचा असतो. तरी अशी सीट बेलाशक घ्यावी. एकाची टोचणारी सीट दुसऱ्याला अचूक बसते, याच एका सत्यावर हा सगळा बाजार चालतो. विकणारा तिची निंदा करेल, ती ऐकून भाव पाडावा आणि सोलापूरच्या रस्त्याला लागावं.

आणि चांगली सीट लाभलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याला तिचं नाव विचारावं. ज्याला लागते तो नाव, मॉडेल, रुंदी, किंमत सगळं घडाघडा सांगतो; रोज तोच विषय असतो त्याच्यापुढे. ज्याला लागत नाही तो क्षणभर गोंधळतो, ‘कुठली आहे बरं?’ म्हणत खाली वाकतो आणि धुळीने झाकलेलं नाव बोटाने पुसून वाचतो. कधी आपल्यावर अशी वाकून वाचायची वेळ आली, तर वाचावं जरूर. पण समोरच्याला सांगू नये. तो उद्याच जाऊन तीच घेईल, आणि सहा महिन्यांत ती तुम्हालाच विकायला आणेल.